व्याह्यांसाठी इंग्रजी

४ नोव्हेंबर, सोमवार. अकोला.

दिवाळीनंतर आज क्लास उघडला. जिन्यावर पणत्यांचं तेल सांडून वाळलेलं, ते घासण्यात सकाळ गेली आणि पहिल्या बॅचसमोर मी तेलकट हातांनीच उभी राहिले. खडू बोटांत ठरेना.

दुपारच्या बॅचला मागच्या बाकावर एक मोठा माणूस येऊन बसला होता. मला वाटलं कुणाचे तरी वडील चौकशीला आलेत. म्हटलं, काका, मुलाचं नाव सांगा. तर म्हणाले, "नाव माहंच लिवा. पंजाबराव." पोरं फिदीफिदी हसली. मी हसले नाही. आई म्हणते, तुझं तोंड हसायला विसरलं आहे.

बार्शीटाकळीजवळ त्यांचा फुलांचा मळा आहे. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी प्राजक्ता पुण्यात कंपनीत आहे आणि तिला तिथल्याच कार्तिकशी लग्न करायचं आहे. कार्तिकचे आईवडील त्रिचीचे, तमिळ. मराठी नाही, हिंदी नाही. पोंगल झाला की ते बोलणी करायला मळ्यावर येणार, आणि जे काय बोलायचं ते इंग्रजीत.

"पोट्टी म्हणते, बाबा, तुमी बोला, मी त्याहिले इंग्रजीत सांगतो. म्या म्हणलं, नाई. पोरगी माही, तं बोलणंबी माहंच पायजे. माह्या बोलण्यापायी तिचं काम अडाले नाई पायजे. पोंगलपर्यंत येईन का, मॅडम?"

येईल, म्हटलं. सगळ्यांना तेच सांगते. पण हे बिचारे खरंच समजून खुश होऊन गेले.

७ नोव्हेंबर, गुरुवार.

आज पंजाबराव उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "आय अ‍ॅम नोइंग यू. आय अ‍ॅम लायकिंग धिस क्लास. आय अ‍ॅम हॅविंग वन डॉटर."

अख्खं वऱ्हाड ही चूक करतं आणि मी वर्षानुवर्षं ती खोडते आहे. दोष पोरांचा नाही, आमच्या बोलण्याचा आहे. समजून राहिलं, आवडून राहिलं, पटून राहिलं. पुण्याचा माणूस 'मला समजतं' म्हणून मोकळा होतो. आमचं आपलं समजतच राहतं.

फळ्यावर दोन रकाने पाडले. इकडे करण्याची क्रियापदं, रन, ईट, कुक, टॉक. तिकडे असण्याची, नो, लाइक, वॉन्ट, हॅव, बिलाँग. करण्याला सुरुवात आहे, शेवट आहे, ते मधेच पकडता येतं, म्हणून त्याला आयएनजी लावायचं. असणं मधेच पकडता येत नाही. ते असतं, नाहीतर नसतं. आय नो यू. आय हॅव वन डॉटर. विषय संपला.

पंजाबरावांनी सगळं उतरवून घेतलं आणि वर पाहिलं. "पन मॅडम, मले हा क्लास एकदम नाई आवडला. सोमवारी थोडासा. काल त्याहून जास्त. आवडून राहिला."

"परीक्षेत शून्य मिळेल," मी म्हटलं.

"परीक्षा कोन देऊन राहिलं?"

मी फळा पुसला.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

पंजाबराव रोज शेवंती आणतात, सरस्वतीच्या तसबिरीसाठी. चांगली सवय आहे, पोरांनी शिकावी. आजची पिवळी होती. पंख्याखाली पाकळ्या हलत होत्या, खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलं होतं, खाली रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. शिकवता शिकवता माझं वाक्य अर्धंच राहिलं. पोरं वाट पाहत बसली. मलाही पुढचं आठवेना, पण वाईट वाटलं नाही.

तसबिरीला फुलं जास्त होत होती म्हणून थोडी खोलीवर आणली. पाण्यात ठेवली आहेत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार.

आज आज्ञा. करण्याच्या क्रियापदांना हुकूम सोडता येतो. गो, ईट, सिट डाउन. असण्याच्या क्रियापदांना सहसा नाही. कुणाला 'हे तुझ्या मालकीचं अस' किंवा 'तुला हे माहीत अस' असं फर्मान काढता येत नाही. तसंच 'लाइक हिम' म्हणून दरडावता येत नाही, कारण आवडणं हुकमावर होत नाही.

पंजाबराव म्हणाले, "आमच्या बुढ्यानं तं केला होता हुकूम. लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणे, आवडून घे."

बॅच पोट धरून हसली. त्यांच्या हसण्यात मीही हसले. मग विचारलं, "घेतली का आवडून?"

"दोन-तीन वर्षं लागली," ते म्हणाले. "मंग अशी आवडली का बस."

त्यानंतर 'मस्ट' घेतलं. ही मस्ट गो म्हणजे त्याला गेलंच पाहिजे, सक्ती. ही मस्ट नो म्हणजे त्याला माहीत असणार, अंदाज. शब्द तोच, पण असण्याच्या क्रियापदापाशी आला की बहुतेक वेळा त्याचा जोर जातो, नुसता कयास उरतो. वाक्य करा म्हटलं तर पंजाबरावांनी केलं, "माय डॉटर मस्ट लव्ह कार्तिक." मग पोरांकडे वळून स्वतःच समजावलं, "सक्ती नाई बरं का. अंदाज आहे बापाचा."

बरोबर होतं वाक्य. वेरी गुड म्हणताना माझा आवाज उगाच मोठा झाला.

२४ नोव्हेंबर, रविवार. अमरावती.

शनिवार-रविवार आईजवळ. पहाटे स्वप्न पडलं, विसरायच्या आत लिहिते आहे.

काळं रान होतं, कापूस फुटून पांढरा झालेला. 'रन' धुऱ्यावरून पळत होतं, 'ईट' बांधावर बसून भाकर खात होतं. आणि नो, लाइक, वॉन्ट झाडं होऊन उभी होती, मी फळ्यावर उभी करते तशीच रांगेत. त्यांना पाणी द्यावं म्हणून जवळ गेले, तर ती वाढत होती. अगदी हळू. बुंध्यावर हात ठेवला तेव्हा कळलं, नुसतं पाहून कळलं नसतं. मागून कोणी म्हणालं, "पाह्यलं काय मॅडम?" आवाज ओळखीचा होता, पण मागे वळेपर्यंत जाग आली.

आई म्हणाली, "झोपेत काहून हसत होती वं?"

मी म्हटलं, क्लासचं काहीतरी असेल.

६ डिसेंबर, शुक्रवार. अकोला.

पंजाबराव सोमवारपासून आले नाहीत. निरोप नाही. मार्गशीर्ष लागला, गुरुवारी घराघरांत लक्ष्मी मांडतात, फुलांना मागणी असणार, हे मला कळतं. पण शिस्त म्हणून काही असते. असे मधेच दांड्या मारणारे विद्यार्थी मला अजिबात खपत नाहीत. आज दोन पोरींवर विनाकारण ओरडले. टेबल मोकळं मोकळं वाटलं, तसबीर धुळीनं भरली होती, ती पुसून काढली.

९ डिसेंबर, सोमवार.

आले. म्हणे पहाटेपासून तोडणी, मग बाजार, मग हार. बोटं हिरवी पडली होती. मी कोरडेपणानं म्हटलं, अभ्यास बुडाला. "बुडाला तं," ते म्हणाले, "पन फुलं तोडता तोडता म्या सगळ्या वावराले इंग्रजी शिकवली. शेवंतीले आता आयएनजी लागत नाई."

शिस्तीचा राग माझा चांगला टिकतो एरवी. आज टिकला नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार.

आज 'विश'. जे नाही ते असतं तर, ह्यासाठी इंग्रजी एक पाऊल मागे जातं. गोष्ट आत्ताची असली तरी क्रियापद भूतकाळात टाकतं. आय विश आय न्यू. आय विश आय हॅड. मला फार आवडतो हा धडा. जे हाताशी नाही ते थोडं दूर ठेवून बोलायचं, म्हणजे बोलवतं.

पोरांची वाक्यं नेहमीची, मोटारसायकल असती तर, नोकरी असती तर. पंजाबराव उठले. "आय विश माय वाइफ वेअर हिअर." अचूक. 'वॉज' नाही, 'वेअर'. ते पुढे मराठीत म्हणाले, "व्याहीण येईन तं तिच्याशी बोलाले घरात बाईमानूस नाई. थे बसली असती तिच्यापाशी."

मी म्हटलं, "मी येते त्या दिवशी. तुम्ही कुठे अडलात तर." हे मी असं पटकन का म्हटलं कोण जाणे. विद्यार्थ्यांच्या घरी मी जात नाही.

५ जानेवारी, रविवार. बार्शीटाकळी, मग अकोला.

आईला सांगितलं जादा क्लास आहे. खोटं नाही, मळ्यावर तालीमच होती.

निशिगंधाच्या ओळींमधून आम्ही चाललो. मी रामनाथन, म्हणजे मुलाचे वडील. ते आपले पंजाबराव. प्लीज कम. प्लीज सिट. युवर सन इज अ गुड बॉय. आय लाइक हिम. एकही चूक नाही. थंडीतलं मऊ ऊन होतं, विहिरीवर मोटार चालू होती, पाट झुळझुळत होता. एका ठिकाणी मी रामनाथन आहे हेच विसरले आणि किती वेळ आम्ही दोघं पाटाच्या कडेनं नुसते चालत राहिलो.

मग ते म्हणाले, "शेवटाले काय म्हनू? पयल्याच भेटीत पोरीच्या बापानं हो म्हणलं तं लोक म्हणतीन, पोरगी जड झाली होती याले."

खरंच आहे. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत असंच. 'घरी विचार करून कळवतो,' एवढंच म्हणायचं. ज्यांचं हो असतं त्यांचा निरोप दोन दिवसांत मध्यस्थाकडून येतो. ज्यांचं नाही असतं त्यांचा येत नाही. माझ्या वेळी कितीतरी जण कळवतो म्हणून गेले. पुढे बाबांनी बोलावणंच बंद केलं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तेव्हा वाटलं.

मी त्यांना वाक्य तयार करून दिलं. "वी वुड लाइक टु थिंक इट ओव्हर, अँड वी विल लेट यू नो." 'वुड'नं बोलणं मऊ होतं, हेही समजावलं. त्यांनी ते ओळीच्या टोकापर्यंत घोकलं. शेवटी तर मळा ऐकून राहिला असं वाटत होतं. मी तयार केलेल्या सगळ्या वाक्यांत हे सर्वांत सुंदर आहे.

१९ जानेवारी, रविवार. अकोला.

झालं एकदाचं. माझा विद्यार्थी पास झाला.

रामनाथन उंच, शांत, शब्द तोलून बोलणारे. कार्तिकच्या आईला इंग्रजी थोडंच येतं, पण डोळे सगळं ऐकत होते. कार्तिकला रजा नव्हती. प्राजक्ता चहा देऊन आत गेली ती पुरणपोळ्यांत अडकली. मी कार्तिकच्या आईजवळ बसले होते. मला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. पंजाबरावांनी मळा सांगितला, पोरीचं शिक्षण सांगितलं, बायको असती तर किती बरं झालं असतं ते सांगितलं. 'वेअर' बरोबर आलं. कार्तिकच्या आईनं त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

जेवणानंतर तिनं पिशवीतून एक ताट काढलं. विड्याची पानं, सुपारी, हळकुंडं, कुंकू, नारळ, केळी. उभी राहून दोन्ही हातांनी पंजाबरावांपुढे धरलं. पंजाबरावांनी हात जोडले, ताटाला स्पर्श करून ते हळूच तिच्याकडे परत सारलं. आपल्याकडे पोरीचा बाप मुलाकडचं काही घेत नाही, जुनी माणसं तर पोरीच्या सासरचं पाणीही पीत नाहीत. मग स्वच्छ, सावकाश म्हणाले, "वी वुड लाइक टु थिंक इट ओव्हर, अँड वी विल लेट यू नो."

इतकं छान म्हटलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

रामनाथन म्हणाले, "ऑफ कोर्स. वी अंडरस्टँड." कार्तिकच्या आईनं ताटावर फडकं टाकलं आणि खाली बसली. जेवणानंतरचा तिचा चहा तसाच राहिला. लांबचा प्रवास, दमली असणार. अमरावतीला मुक्काम करून ते उद्या दुपारी नागपूरला विमान धरणार आहेत. गाडीत बसताना तिनं मळ्याकडे एकदा वळून पाहिलं.

पंजाबराव मला फाट्यापर्यंत सोडायला आले. खूप हलके वाटत होते. "उद्या दुपारी फोन करून हो सांगतो," म्हणाले. "एक दिवस जाऊ द्या, शोभा राहते."

२० जानेवारी, सोमवार. अमरावती.

सकाळी प्राजक्ताचा फोन. आवाज रडून बसलेला. "मॅडम, बाबा काय बोलले त्यांना? कार्तिक म्हणतो तुझ्या बाबांनी नाही म्हटलं. त्याची आई ताट देत होती, तेही परत केलं. त्यांच्यात ताट घेतलं म्हणजे ठरलं, आणि परत केलं म्हणजे मोडलं. त्याची आई म्हणते, ज्यांची इच्छा नाही त्यांच्या घरी आपण पुन्हा जायचं नाही."

ते वाक्य माझं होतं. मीच मऊ केलं होतं.

अमरावती गाठायची म्हणून अकोल्याच्या बस स्टँडवर गेले, तर पंजाबराव आधीच उभे. कालचाच सदरा, न विंचरलेले केस. फोनवर बोलले होते का विचारलं तर म्हणाले, "उचलत नाईत." प्राजक्ता सोबत येते म्हणत होती, तिला घरीच ठेवून आले. "माह्या तोंडानं मोडलं, तं माह्याच तोंडानं जुयलं पायजे."

बसमध्ये ते खिडकीतून बाहेर पाहत बसले. मूर्तिजापूर गेलं. हरभऱ्यावर धुकं होतं, रस्ता असा वाटत होता की आपण जात नाही आहोत, शेतंच मागे चालली आहेत. मी मनात वाक्यं जुळवत होते, माफीची, खुलाशाची, एकाहून एक शुद्ध. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "मॅडम, एकबी शब्द आठवून नाई राहिला." आणि मी पहिल्यांदाच म्हटलं, "नका आठवू."

हॉटेलच्या खाली त्यांची गाडी लागलेली, बॅगा भरलेल्या. रामनाथन पुढे आले, सभ्यपणानं म्हणाले की तुम्ही उगाच त्रास घेतला, आम्हाला राग नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तर पंजाबरावांनी हात आडवा केला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग आला.

"सर. इन माय व्हिलेज, फर्स्ट डे येस इज शेम. डॉटर्स फादर, नो येस. ओन्ली हात जोडणे. नेक्स्ट डे येस. माय येस वॉज इनसाइड. फ्रॉम दिवाळी इनसाइड." मग ताटाचं कसं सांगावं ते सुचेना. हातांनीच ताट धरल्यासारखं करून ते परत सारून दाखवलं. "धिस, नॉट नो. धिस, रिस्पेक्ट. डॉटर्स फादर टेकिंग, आय वॉज शाय." आणि दोन्ही हात पुढे पसरले. "नाऊ गिव्ह मी, ताई."

रामनाथन पत्नीला तमिळमध्ये सांगायला वळले. ती थांबलीच नाही. गाडीत वाकली आणि पिशवी काढली. पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती, कालच्यासारखीच ताजी. पंजाबराव फुलं वाहून नेणारा माणूस, त्यांनी ते ओलं फडकं पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले. टाकून द्यायच्या पानांना रात्री कोणी पाणी मारत नाही.

त्यांनी ताट घेतलं. तिथेच, हॉटेलच्या दारात. रामनाथननी त्यांना मिठी मारली, ताट दोघांच्या मधे सापडलं, केळी खाली पडली. प्राजक्ताला फोन लावला तर तिला बोलता येईना, पंजाबरावांनाही येईना, शेवटी मीच सांगितलं, ठरलं गं.

मग कार्तिकच्या आईनं कुंकवाची कोयरी उघडली आणि माझ्यासमोर आली. काल मी तिच्या शेजारी बसले होते, आज ह्यांच्या शेजारी उभी होते. तिला मी घरातलीच वाटणार, दुसरं काय? मी म्हटलं, "नो, आय अ‍ॅम..." आणि पुढचा शब्द टीचर, तो इतका सोपा, तोंडातच राहिला. पंजाबरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "घ्या लावून. पोरीच्या कामात नाही म्हनू नये." तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओंजळीत पान-सुपारी ठेवली आणि तमिळमध्ये काहीतरी पुटपुटली. अर्थ विचारायची मला गरज वाटली नाही.

स्टँडवर पंजाबराव अकोल्याच्या बसमध्ये चढले आणि परत खाली उतरले. "उद्या तीनची बॅच आहे ना?" त्यांचं इंग्रजीचं काम तर आजच संपलं होतं. "आहे," मी म्हटलं.

मी घरी आले. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. माझ्या कपाळाकडे पाहून तिचा हात थांबला.

"कोनं लावलं वं हे?"

"पोरीच्या सासूनं."

"कोनाच्या पोरीच्या?"

"आमच्या," मी म्हटलं.

आईनं वर पाहिलं, वाट पाहिली. दिवसभर लोकांची वाक्यं दुरुस्त करणारी मी. हे वाक्य मात्र तसंच राहू दिलं.